पाठराखण आणि पारख

मराठी वाङ्मयीन व्यवहारात ‘कंपू’ हा शब्द नेहमी दुसऱ्यांविषयी वापरला जातो. स्वतःच्या मित्रमंडळींना कोणी कंपू म्हणत नाही. ते समानधर्मी असतात, स्नेही असतात, फार तर ‘मंडळ’ असते. भवभूतीला ज्या समानधर्म्याची प्रतीक्षा होती तो मात्र त्याच्या गावचा नव्हता, त्याच्या काळचाही असेल अशी त्याची अपेक्षा नव्हती; म्हणजे मूळ संकल्पनेत समानधर्मी हा अपरिचितच आहे. या शब्दाचा अर्थ पुढे ओळखीच्या वर्तुळापुरता आकसत गेला, यात वाङ्मयीन सहजीवनाचा सगळा पेच सामावलेला आहे. एक लेखक दुसऱ्या लेखकाचे काय देणे लागतो? त्याने त्याची पाठराखण करावी की पारख? आणि ही दोन कर्तव्ये परस्परविरोधी असतील तर स्नेहाने एकत्र आलेल्या लेखकांचा समूह मुळातच संशयास्पद मानावा लागेल काय?

१९२३ साली पुण्यात स्थापन झालेले रविकिरण मंडळ हे या प्रश्नाचे ठरीव उदाहरण होऊन बसले आहे. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमा रानडे, वि. द. घाटे, दिवाकर ही मंडळी नेमाने जमत, एकमेकांच्या रचना ऐकत, त्यांवर बोलत, संग्रह काढीत. त्यांतील काहींनी काव्यगायनाने कविता महाराष्ट्रभर लोकप्रिय केली. १९२५ साली ‘केशवकुमार’ या नावाने अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून मंडळाचे नाव निघाले की विडंबनाचा हशा आधी ऐकू येतो, कविता मागाहून. विडंबन होते ते लकबींचे. सहवासात लकबी बळावतात, एकाची शब्दकळा दुसऱ्याच्या ओळीत उतरते आणि आपसांतल्या कौतुकामुळे ती कोणाच्या लक्षात येत नाही, हा अत्र्यांचा अभिप्राय बहुतांशी खरा होता. परंतु पुढे या विडंबनाचा उपयोग एकत्र येण्याच्याच विरोधातील पुरावा म्हणून होऊ लागला. उंटाच्या लग्नात गाढवांनी गावे आणि दोघांनी एकमेकांचे रूप व आवाज वाखाणावा, ही सुभाषितातली गोष्ट कोणत्याही मंडळाला लागू करता येते. ती सोयीची आहे म्हणूनच तिच्याविषयी सावध असावयास हवे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एक कवयित्री पुरुष कवींच्या बैठकीत बरोबरीने बसते, ही रविकिरण मंडळातील घटना त्या हशात ऐकू येईनाशी होते.

या प्रश्नाचे तात्त्विक मूळ शोधू जाता ‘सहृदय’ या संकल्पनेपाशी यावे लागते. अभिनवगुप्ताच्या विवेचनात सहृदय म्हणजे काव्याच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि वर्ण्यविषयाशी जो तन्मय होऊ शकतो असा रसिक. या लक्षणात कवीशी परिचय असण्याची अट नाही. स्नेहाची तर नाहीच. सहृदयता ही काव्याशी असलेल्या नात्याची संज्ञा आहे. व्यवहारात मात्र कवीविषयी जिव्हाळा बाळगणाऱ्याला सर्रास सहृदय म्हटले जाते आणि अर्थाच्या या घसरणीबरोबर मूल्यविवेकही घसरतो.

कांटने १७९० च्या ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’मध्ये एका तरुण कवीचे उदाहरण दिले आहे. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ या १९७४ च्या ग्रंथानंतर कांटची ही मांडणी मराठी समीक्षेला परकी राहिलेली नाही. आपली कविता सुंदर आहे अशी या तरुणाची खात्री आहे. लोकांचे मत त्याला त्यापासून हलवू शकत नाही, मित्रांचेही नाही. पुढे अभ्यासाने त्याची अभिरुची तीक्ष्ण होते तेव्हा तो स्वतःहून आपला पूर्वीचा निर्णय मागे घेतो. सौंदर्यविषयक निर्णय उसना घेता येत नाही, असे कांटला दाखवावयाचे आहे. हे मान्य केले तर एक विचित्र निष्कर्ष निघतो: मित्रांची स्तुती आणि मित्रांची टीका या दोन्ही सारख्याच निरुपयोगी ठरतात. स्तुतीने वाईट कविता चांगली होत नाही. आणि टीका खरी असली तरी ती कवीने स्वतः पाहिल्याखेरीज त्याची होत नाही. मग साहचर्याला उरते काय? उरतो तो अभ्यास. ज्याने अभिरुची तीक्ष्ण होते तो अभ्यास एकट्याने होतोच असे नाही. दुसऱ्याचे लिखाण बारकाईने वाचणे आणि आपले लिखाण कोणीतरी बारकाईने वाचते आहे याची जाणीव असणे, ही त्याची दोन अंगे आहेत. निर्णय देता येत नाही, पण निर्णयाची सवय लावता येते. एवढे मान्य केले की समूहाच्या नैतिकतेचा प्रश्न थोडा नेमका होतो: तो समूह सदस्यांना वाचतो, की केवळ ऐकून मान डोलावतो?

नाशिकच्या वाङ्मयीन इतिहासात या प्रश्नाची काही अस्सल प्रकरणे एकमेकांच्या शेजारी सापडतात. १९४२ साली नाशिकला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष अत्रे होते. म्हणजे ज्याने कविमंडळाची सर्वांत निर्दय पारख केली तोच साहित्यिकांच्या सर्वांत मोठ्या मेळ्याच्या अग्रस्थानी बसला. संस्थेला आपला उपहासक पचवता येतो हे तिच्या बळाचे लक्षण मानावे की उपहासाच्या अंताचे, हा स्वतंत्र विषय आहे. आदल्या वर्षी सोलापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष वि. स. खांडेकर होते. याच खांडेकरांनी १९४२ मध्ये कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध केली आणि तिला प्रस्तावना लिहिली. कुसुमाग्रज तेव्हा तिशीत होते. १९३३ चा ‘जीवनलहरी’ हा संग्रह त्यांच्या नावावर होता, वृत्तपत्रांतील नोकऱ्यांवर गुजराण होती. खांडेकर मात्र कादंबरीकार म्हणून कीर्तीच्या शिखरावर होते.

ही घटना मराठी वाङ्मयेतिहासात गौरवाने सांगितली जाते आणि गौरवाच्या सुरातच संपते. तिचे नैतिक स्वरूप तपासले जात नाही. खांडेकरांनी दिले ते तीन प्रकारचे होते: पैसा, नाव आणि वाचन. पैसा देणारे आश्रयदाते पूर्वीही होते. नाव देणे अधिक जोखमीचे. प्रस्तावना ही वाङ्मयीन व्यवहारातील जामिनकी आहे; ऋणको बुडाला तर जामीनदारालाही भरावे लागते. शिफारस खासगीत करता येते आणि नाकारता येते; प्रस्तावना ग्रंथाला चिकटून राहते आणि प्रस्तावनाकाराच्या अभिरुचीचा पुरावा होऊन बसते. म्हणून येथे पाठराखण हीच पारख आहे. खांडेकरांनी आपली अभिरुची अनोळखी वाचकांपुढे पणाला लावली, आणि आपण चुकलो असे सिद्ध होण्याची संधी त्या वाचकांना दिली. आपसांतल्या कौतुकात नेमकी हीच संधी कोणाला दिलेली नसते.

दुसरी गोष्ट परतफेडीची. देवाणघेवाणीवर चालणाऱ्या समूहात स्तुती हे चलन असते. आज दिलेले उद्या परत मिळावयाचे असते आणि म्हणून ते कोणालाही कमी देता येत नाही. ॲरिस्टॉटलने उपयुक्ततेवर आधारलेल्या मैत्रीला मैत्रीच्या पायऱ्यांत खालचे स्थान दिले ते यासाठीच: लाभ संपताच ती विरते. ‘विशाखा’च्या बाबतीत परतफेड शक्य नव्हती. खांडेकरांना कुसुमाग्रजांकडून मिळण्याजोगे काही उरलेले नव्हते. हे ऋण मागे फेडता येत नव्हते म्हणूनच बहुधा ते पुढे सरकले. नाशिकला स्थिरावल्यावर कुसुमाग्रजांनी १९५० मध्ये लोकहितवादी मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १९९० मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठान उभे राहिले आणि १९९१ पासून एक वर्षाआड जनस्थान पुरस्कार दिला जाऊ लागला. ‘जनस्थान’ हे नाशिकचे रामायणकालीन नाव. पुरस्काराला व्यक्तीचे नाव न देता गावाचे दिले, ही बाब लहान असली तरी बोलकी आहे.

नाशिकच्या या सहवासाचे आणखी एक वैशिष्ट्य नोंदवावयास हवे. ह. प्रा. ठा. महाविद्यालयात अध्यापन करणारे वसंत कानेटकर हे रविकिरण मंडळातील गिरीश यांचे पुत्र. मंडळाच्या सावलीत वाढलेला हा नाटककार शिरवाडकरांच्याच गावात दशकानुदशके लिहीत राहिला. एकाच लहान शहरात दोन मोठे नाटककार, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणि ‘नटसम्राट’ ही त्यांची नाटके सबंध महाराष्ट्राने पाहिलेली, आणि तरीही नाशिकचा असा काही नाट्यसंप्रदाय निर्माण झाला नाही. दोघांच्या नाटकांत एकमेकांच्या लकबी शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. साहचर्याने सारखेपणा येतोच, या अत्र्यप्रणीत समजुतीला हा एक शांत अपवाद. १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या गावात लेखकांपेक्षा वाचकांची संस्था अधिक जुनी होती, याचाही त्यात वाटा असू शकेल.

परंतु येथपर्यंतच्या विवेचनात एक गृहीतक दडलेले आहे. कांटचा तरुण कवी असो, ‘विशाखा’चा कवी असो, की रविकिरण मंडळातील कवी असोत, आपण कवी आहोत, होऊ शकतो, याविषयी यांतील कोणालाच शंका नाही. त्यांना निर्णय हवा आहे. लिहिण्याचा अधिकार त्यांच्यापाशी आधीच आहे. ज्यांना तो अधिकार समाजाने दिलेलाच नव्हता त्यांचे काय? नाशिकमध्ये हा प्रश्न केवळ सैद्धांतिक राहत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. १९३२ मध्ये त्यात तरुण शिरवाडकरही सहभागी होते. आतल्यांचा एकोपा आणि दाराचे बंद असणे ही एकाच वस्तुस्थितीची दोन वर्णने असू शकतात, हे या शहराने पाहिले आहे.

त्याच १९३० साली नाशिकजवळच्या विहितगावी बाबुराव बागूल जन्मले. बालपणीच ते मुंबईला गेले, माटुंग्याच्या लेबर कँपात वाढले. तेथील आंबेडकरी आणि साम्यवादी वातावरणात त्यांची घडण झाली. १९६३ मध्ये ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आणि १९६९ मध्ये ‘मरण स्वस्त होत आहे’ हे त्यांचे कथासंग्रह आले. येथे कांटचे उदाहरण उलटे होते. त्या तरुणाला अवाजवी खात्री होती आणि ती अभ्यासाने उतरली. दलित लेखकापुढची अडचण अशी की आपले जगणे हा साहित्याचा विषय आहे ही खात्रीच त्याला चहूबाजूंनी नाकारली जाते. अशा वेळी समूह जे देतो ते निर्णयाच्याही आधीचे असते. १९५८ मध्ये मुंबईत झालेले पहिले दलित साहित्य संमेलन, गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेहून चालविलेले ‘अस्मितादर्श’ आणि त्याचे मेळावे, यांनी एक श्रोतृवर्ग निर्माण केला. तो नसता तर पारख करण्याजोगे पुष्कळसे लेखन झालेच नसते. या एकत्र येण्याला ‘परस्परप्रशंसा’ म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घेतली नाही: ज्यांच्यापाशी प्रकाशनगृहे, मासिके, विद्यापीठांतील अभ्यासमंडळे आधीपासून होती त्यांना आपल्या पाठराखणीला पाठराखण म्हणण्याची गरजच कधी पडली नाही. तिला ‘अभिरुची’ म्हणता येत होते, ‘परंपरा’ म्हणता येत होते.

श्री. पु. भागवत आणि ‘सत्यकथा’ यांचा विचार याच संदर्भात करावा लागतो. भागवत आणि राम पटवर्धन यांचे संपादन हे मराठीतील काळजीपूर्वक वाचनाचे एक मोठे उदाहरण. लेखनावर पत्रे लिहिणे, पुनर्लेखन सुचविणे, नवोदिताच्या कथेतील एका वाक्यासाठी थांबणे. अशा वाचनानंतर आलेले ‘साभार परत’ हेही पुष्कळदा मान डोलावणाऱ्यांच्या मैफलीपेक्षा अधिक आस्थेचे असते. तरीही याच मासिकाच्या अंकाची लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी होळी केली. राजा ढाले त्यांत अग्रभागी होते. या होळीला दोन्ही बाजूंनी नंतर बरेच नाट्यमय अर्थ दिले गेले. तिच्या मुळाशी मात्र साधी गोष्ट होती: साभार परत पाठविणाऱ्याची पारख कोण करतो? भागवतांना २००१ चा जनस्थान पुरस्कार मिळाला तेव्हा ‘सत्यकथा’ बंद पडून एकोणीस वर्षे झाली होती. दुसऱ्यांचे लेखन वाचण्यात हयात घालविणाऱ्या संपादकाला तो मिळाला, हे यथायोग्यच होते. होळीतला प्रश्न त्यामुळे विझला असे नाही.

१९७२ मध्ये नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह आला. ‘विशाखा’नंतर तीस वर्षांनी आलेली ही प्रस्तावना तिच्याशेजारी ठेवून वाचण्याजोगी आहे. खांडेकरांचा जामीन साधर्म्याचा होता: कवीच्या मानवतावादात त्यांना स्वतःचीच श्रद्धा ओळखू आली. तेंडुलकरांपाशी ते साधर्म्य नव्हते. ढसाळांचे पुष्कळ शब्द त्यांना अपरिचित होते, त्या वस्तीचे भूगोल-व्यवहार अपरिचित होते, आणि हे अज्ञान त्यांनी प्रस्तावनेत झाकले नाही. ते कवीला विचारीत गेले, कवीबरोबर ती वस्ती पाहावयास गेले. प्रस्तावनाकार येथे शिकाऊ होतो. पाठराखणीचा हा प्रकार पहिल्यापेक्षा अवघड म्हटला पाहिजे, कारण त्यात मोठेपणाच्या आसनावरून खाली उतरावे लागते. त्यात धोकाही अधिक. मध्यमवर्गीय वाचक कवितेऐवजी प्रस्तावनाच वाचू लागतो, आणि अपरिचित जगाच्या ओळखीलाच कवितेची ओळख समजतो.

याहून सूक्ष्म धोका सवलतीचा आहे. दलित लेखनाविषयी मराठी समीक्षेत एक काळ असा आला की अनुभवाच्या दाहकतेची वाखाणणी करून समीक्षक मोकळे होत आणि रचनेविषयी, भाषेविषयी बोलण्याचे टाळीत. ही उदारता वाटते; वस्तुतः ते न वाचणेच आहे. ज्याच्या लेखनात दोष दाखविण्याचे आपण सौजन्याने टाळतो त्याला आपण बरोबरीचा मानलेले नसते. आत येऊ देणे आणि आतल्यांसारखे न वागविणे हा काळारामाच्या दाराचाच एक आधुनिक प्रकार. उलट दलित साहित्याच्या अंतर्गत वादांत, विशेषतः आंबेडकरवाद आणि मार्क्सवाद यांच्या नात्यावरून झालेल्या कडाक्याच्या झगड्यांत, बरोबरी होती. १९७४ च्या सुमारास पँथरमध्ये फूट पडली, मैत्र्या तुटल्या. त्या वादांची किंमत मोठी होती. पण त्यांत कोणी कोणाला सवलत दिली नाही.

बागूल उत्तरायुष्यात नाशिकला राहिले. त्यांना जनस्थान पुरस्कार २००७ चा मिळाला, पहिल्या संग्रहानंतर चव्वेचाळीस वर्षांनी; पुढच्याच वर्षी, मार्च २००८ मध्ये, त्यांचे निधन झाले. पुरस्कार उशिरा मिळाला ही तक्रार येथे करावयाची नाही. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत त्यांना वाचले कोणी, हे पाहिले तर ती वाचनाची साखळी बहुतांशी ज्यांच्यापाशी पुरस्कार देण्याची सत्ता नव्हती अशा वाचकांची आढळते.

नाशिक जिल्ह्यातीलच एक उदाहरण या चर्चेत सहसा घेतले जात नाही, कारण ते छापील वाङ्मयाच्या कडेवर उभे आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) प्रौढपणी अक्षरे शिकले आणि पुढे हजारोंच्या संख्येने गीते रचली. ‘वाटचाल’ हा त्यांचा संग्रह १९७३ मध्ये आला. तोवर त्यांची गीते गायनपार्ट्यांच्या मुखाने वस्त्यावस्त्यांतून पोचलेली होती. आंबेडकरी गायकांच्या या जगात एका कवीने दुसऱ्याला पाठिंबा देण्याची रीत अगदी साधी आहे: त्याचे गाणे आपण गावे. गाणाऱ्याची रात्र त्या गाण्यावर अवलंबून असते. श्रोते उठून गेले तर नुकसान त्याचे. म्हणून केवळ स्नेहाखातर कोणी दुसऱ्याचे गाणे फार दिवस गात नाही, आणि वैर असले तरी चाललेले गाणे टाकीत नाही. प्रस्तावना नाही, अभिप्राय नाही, साभार परत नाही. जे गायले जात नाही ते आपोआप मागे राहते. तन्मयता, अभ्यास, जामिनकी, ज्यांचा वर वेगवेगळा विचार करावा लागला, त्या येथे एकाच कृतीत येतात आणि ती कृती करणाऱ्याला आपण पाठराखण करतो आहोत की पारख, असा प्रश्न पडत नाही. जुन्या शाहिरी रिवाजाप्रमाणे गीताच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफलेले असते. भीमजयंतीच्या रात्री एखाद्या वस्तीत ते कडवे येते तेव्हा गाणारा गळा दुसऱ्याच कोणाचा असतो.